अर्धी विहीर

सातारा जेल
१८ सप्टेंबर २०२५

गुणमाला वहिनींना रसूलचा सलाम.

वरचा पत्ता वाचून घाबरू नका, मेलेलं कोणी नाही. शिवतेजचा जबडा दोन ठिकाणी मोडला आणि गळ्याजवळचं हाड गेलं, एवढंच. पोलिसांनी पानंच्या पानं लिहिलीत, पण मी मारलं तीनदाच. पहिला तडाखा बसला तेव्हा तो उभा होता, दुसऱ्याला गुडघ्यावर आला. तिसरा का मारला ते मला वकिलालाही सांगता आलं नाही. हातात बोल्ट आवळायचा मोठा पाना होता, तोच चालवला.

विहीर अर्धी तुमची आहे, म्हणून तुम्हाला सगळं कळायला हवं. तुमचे यजमान तवनाप्पा गेल्यापासून दोन वर्षं तुम्ही पाचगणीकडे फिरकला नाहीत. शिवतेज हा उदयसिंहाच्या बागेतला नवा मेंटेनन्सवाला. उदयसिंहाला आपली विहीर, हा मौत का कुवा, उठवून तिथं काचेचा पूल बांधायचा आहे. शिवतेज पहार घेऊन आला आणि म्हणाला, ही मोडायची. मग मी काय त्याला चहा पाजायचा होता?

सदतीस वर्षं झाली, वहिनी. तवनाप्पानं ती सागवानी भिंत उभी केली आणि मी तिच्यावर गाडी चढवली. अठरा वर्षं म्हसवडच्या यात्रेपासून गावोगाव ती बांधली आणि सोडली, नंतरची एकोणीस वर्षं या बागेत. आईच्या कडेवरून वाकून बघणारी पोरं आता स्वतःची पोरं घेऊन येतात. थंडीत बायका वरच्या कठड्यावरून स्ट्रॉबेरी खाली धरतात आणि माझी लेक नूरीन उभ्या भिंतीवर गाडी पळवत ती दातांनी टिपते. लोक वेडे होतात. काचेवर चालून कोण वेडं होणार आहे?

आता काम सांगतो. करारात लिहिलंय की दिवाळीच्या चार दिवसांत खेळ झाला नाही, तर जागा खाली करायची. मी आत आहे, जामिनाचं काही खरं नाही. पण नूरीन चढेल. तुम्ही जाऊन तिच्यामागे उभ्या राहा आणि उदयसिंहाला सांगा की अर्धी माझी आहे, हात लावशील तर याद राख. तवनाप्पाचा नियम तिला माहीत आहेच: जो चढणार त्यानंच बोल्ट आवळायचे, दुसऱ्याचा हात लागता कामा नये.

मला आठवड्यातून एकच फोन मिळतो, तो नूरीनला करतो. तुमच्याशी पत्रानंच बोलावं लागेल.

तुमचा
रसूल


समडोळी
२७ सप्टेंबर २०२५

रसूलला गुणमालावहिनीचा आशीर्वाद, तू त्या लायकीचा नसलास तरी.

पोस्टमननं पाकिटावरचा जेलचा पत्ता आमच्या दारात मोठ्यानं वाचला. आता मंदिरात बायका माझ्याकडे अशा बघतात जशी मीच कुणाचा जबडा मोडून आले आहे. मी पाणी गाळून पिणारी, वाटेतल्या मुंगीला वळसा घालणारी बाई. आणि माझं नाव कुणाशी जोडलं गेलंय, तर तुझ्याशी. तीन तडाखे! तुझ्या हाताला कधी लगाम बसला नाही. यात्रेत पोलिसाच्या कानाखाली काढलीस तेव्हा हे तुला सोडवायला दोन दिवस उपाशी बसले होते, विसरलास का?

तरी गेले. एसटीनं वाईपर्यंत आणि पुढे वडापच्या जीपनं, पावसात. बागेत पोचले तर उदयसिंहाची दोन माणसं विहिरीभोवती पत्रे ठोकत होती आणि तुझी लेक त्यांच्याशी झुंजत होती. एकाच्या नाकावर तिनं हेल्मेट हाणलं, रक्त थेट माझ्या पातळावर उडालं. दुसऱ्यानं तिच्या केसांना धरून तिला चिखलात ओढलं. माझ्या हातात छत्री होती. मी त्याच्या मनगटावर एक ठेवून दिली, जोरात. छत्री मोडली आणि तो केस सोडून माझ्याकडे बघत राहिला. उभ्या आयुष्यात मी कुणाला मारलेलं नव्हतं. घरी येऊन एक दिवस उपास केला.

उदयसिंह धावत आला. "आवं काकी, तुमी कशाला मदी पडताय? खुर्ची आणतो, बसा." मी म्हणाले, "खुर्ची नको. अर्धी विहीर माझी हाय. दिवाळीपातूर कुणी हात लावला तर मी हितंच बसंन, उपाशी." जैन बाई उपाशी बसते म्हणाली की माणसं घाबरतात, कारण त्यांना माहीत असतं की ती खरंच बसेल. पत्रे निघाले.

नूरीन बरी आहे. गालावर ओरखडे आहेत, पण तोंड तुझ्यासारखंच चालू. रोज सकाळी पाऊस असो नसो, बाहेरून शिडी लावून सगळे बोल्ट स्वतः आवळते. तुला निरोप दिलाय तिनं: "अब्बांना सांगा काकी, रोज एकेक नट अर्धा आटा फिरतोय. माजा हात त्येंच्यापेक्षा भारी हाय." मला मोतीबिंदूमुळे फार दिसलं नाही, शिडीवरही चढले नाही. पण तिचा आवाज ऐकून बरं वाटलं.

गुणमाला


सातारा जेल
३ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

तुमची छत्री! मी बराकीत सगळ्यांना वाचून दाखवली. एक दरोडेखोर आहे माणचा, तो म्हणाला, ह्या बाईला आमच्यात घ्या.

आणि नूरीन! अर्धा आटा, तोही रोज! माझा हात भरात होता तेव्हाही पावआट्याच्या वर नट जात नसे. पोरगी माझ्यापुढे गेली. ती नऊ वर्षांची होती तेव्हा तिची आई गेली, आणि त्याच थंडीत तिनं मला विचारलं होतं, अब्बा, मी कवा चढू? आता बघा.

इथं एक वाईट झालं. सूरज म्हणून एक पोरगा आहे, तो सगळ्यांसमोर म्हणाला की म्हातारा लेकीला गोल गोल फिरवून पोट भरतो. मी कपाळ त्याच्या तोंडावर मारलं. दोन दात माझ्या शर्टावर पडले. माझी भुवई फाटली, पाच टाके पडले. वकील म्हणतो जामीन आता विसरा. विसरलो.

दिवाळीत खेळ झाला की उदयसिंहाला वर्षभर काही करता येणार नाही. तेवढं पार पाडा. तुमचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.

रसूल


समडोळी
९ ऑक्टोबर २०२५

रसूल,

काल सकाळी माझं मागचं दार उघडेना. या पावसानं फुगून चौकटीत रुतून बसलंय. ओढता ओढता यांचं बोलणं आठवलं आणि मी तिथंच उंबऱ्यावर बसले. पावसाळ्यात लाकूड फुगतं, रसूल. बोल्ट आपोआप आवळले जातात. भर पावसाळ्यात सागवानातला नट हाताला फिरता कामा नये. आणि आपली पोरगी रोज अर्धा आटा फिरवते!

ते तिच्या हाताचं बळ नाही. नटाखालची वायसरची चकती लाकडात घुसतेय. आतून लाकूड गेलंय. मी सुताराची बायको असून तिचं कौतुक तुला कळवलं आणि तू बाप असून बराकीत पेढे वाटल्यासारखा मिरवलास. आपण दोघं किती मूर्ख आहोत!

मी पोराला, भरतेशला, गाडी काढायला लावली आणि तडक पाचगणी गाठली. नूरीन बाजारात गेली होती. मी शिडीवर चढले, चार पायऱ्या. पंधरा नंबरच्या फळीत पत्र्याच्या फटीतून केसांतला आकडा दाबला, तो मुळापर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा. बावीसपर्यंत सगळ्या तशाच. वरून नवा रंग, आणि बाहेरच्या अंगाला नवा पत्रा ठोकलेला. हा पत्रा कुणी ठोकला?

येताना साताऱ्यात शिवतेजला दवाखान्यात भेटले. जबडा तारेनं बांधलाय, नळीनं दूध पितो. बोलता येत नाही, म्हणून वहीवर लिहून दाखवलं. त्याच्या हातात पहार नव्हतीच. स्क्रूड्रायव्हर होता. तो त्यानं फळीत खुपसला आणि तुला दाखवून म्हणाला की यावर पोरीला चढवू नका, मरेल. त्यावर तू मारलंस.

नूरीनला अजून काही बोलले नाही, आधी तुला एकच विचारते, खरं सांग. तुला माहीत होतं का?

गुणमाला


सातारा जेल
१४ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

शिवतेजच्या उशाशी जाऊन बसायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी तुम्हाला माझ्या बाजूनं उभं राहायला पाठवलं होतं.

होय, माहीत होतं. मे महिन्यात फळ्या मऊ लागल्या. पत्रा मी ठोकला, रंग मी दिला. काय करायला हवं होतं? आठ फळ्या बदलायच्या तर अख्खी विहीर सोडावी लागते, आणि एकदा सोडली की उदयसिंह ती पुन्हा उभी करू देणार नाही. तवनाप्पा दरवर्षी तेल पाजायचा. तो गेला, मला जमलं नाही. माझी चूक. पण गाडी वेगात असली की भार एका फळीवर क्षणभरही राहत नाही. चार दिवस निघतील. फक्त चार दिवस! बाहेर आलो की मी स्वतः फळ्या बदलीन.

ही विहीर गेली तर मी काय राहतो? लंगडा म्हातारा, ज्यानं एकाचा जबडा मोडला. नूरीन काय राहते? कुणाच्या तरी दुकानात कपड्यांच्या घड्या घालणारी पोरगी. लोक टाळ्या वाजवतात ते आम्हाला नाही, त्या लाकडावर आम्ही असतो तेव्हाच्या आम्हाला.

तुम्ही नूरीनच्या डोक्यात भीती घालू नका. भिंतीवर घाबरलेला माणूस पडतोच, लाकूड कसंही असो. आणि ऐका. विहिरीला तुम्ही बोट लावलंत, तर बाहेर आल्यावर मी वहिनी बघणार नाही, म्हातारी बघणार नाही. हात मुळापासून उखडीन. हे मी शुद्धीत लिहितोय.

रसूल


समडोळी
२६ ऑक्टोबर २०२५

रसूल,

अक्षर माझी नात प्रीती हिचं आहे. माझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे. तुझी उखडायची मेहनत निम्मी झाली म्हण.

तुझं पत्र आलं त्या दिवशीच मी नूरीनला फोनवर सगळं सांगितलं. आकड्याचं सांगितलं, पत्र्याचं सांगितलं. ती म्हणाली की शनिवारी अब्बांचा फोन येईल, त्यांना विचारते. शनिवारी संध्याकाळी तिनंच मला फोन केला. "अब्बा म्हणाले लाकूड ठणठणीत हाय. तुमी म्हाताऱ्या झालाय काकी, तुमास्नी दिसत न्हाई." तुझा शब्द तिच्यासाठी दगडावरची रेघ आहे. तू तो असा वापरलास.

मग मी रविवारी, एकोणीस तारखेला, भरतेशला न सांगता गेले. आमच्या शेतातली कुऱ्हाड पोत्यात गुंडाळून एसटीत पायाशी ठेवली. दुसऱ्या दिवसापासून खेळ होता आणि त्या दुपारी रंगीत तालीम, म्हणून शाळांची पोरं आली होती, वरच्या कठड्यावर दोनेकशे माणसं असतील. नूरीन गाडी पुसत होती. मी तिला हाकही मारली नाही. बाहेरच्या अंगानं पंधरा नंबरकडे गेले, पत्रा उचकटला आणि घाव घातला.

रसूल, त्या लाकडात वाळवी होती. हजारो. पहिल्या घावाला पांढरी धार माझ्या पायांवर सांडली. मी आयुष्यभर पाऊल बघून टाकलं आणि त्या दिवशी मी त्यांच्यावर उभी राहून घाव घालत होते. पाय वळवळणाऱ्या जिवांवरून घसरत होता. ओरडत होते की रडत होते, कळत नव्हतं. वरून पोरं किंचाळत पळाली. सोळा, सतरा, अठरा. फळ्या फुटताना आवाजसुद्धा येत नव्हता, भाकरीसारख्या तुटत होत्या. वीसवर आले तेव्हा वरची बाजू खचली आणि कठड्याचा एक तुकडा खाली आपटला, मोकळा, देवाच्या दयेनं.

तेवढ्यात नूरीन आली. हातात पाना. "काकी, थांबा!" मी थांबले नाही. तिनं मारला. कोपराखाली हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. कुऱ्हाड पडली, ती मी डाव्या हातानं उचलली. नूरीन मला ढकलून माझ्या छातीवर बसली, दोन्ही हातांनी मला मारत सुटली, तोंडावर, खांद्यावर. माझा एक दात गेला. मी कुऱ्हाड सोडून तिच्या गालावर इतक्या जोरात दिली की ती बाजूला पडली. मग तिचं मनगट धरलं आणि तिची बोटं विसाव्या फळीच्या चिरेत घुसवली. "हात घाल! घाल आत!" तिनं मूठ बाहेर काढली तेव्हा मुठीत भुसा होता आणि त्यात ते जीव. ती बघत राहिली. नंतर वाकून ओकली.

पोलीस आले. मी सांगितलं की अर्धी विहीर माझी, माझा अर्धा भाग मी फोडला. उरलेली अर्धी उभी राहत नसेल तर तो मालकाचा प्रश्न, आणि मालक साताऱ्याला आहे. हाताचं विचारलं तर मी म्हणाले, पडले. उदयसिंह कोपऱ्यात उभा होता. त्याला त्याची जागा मिळाली, पण बिचाऱ्याला हसायला सुचत नव्हतं.

मिरजेला हात बसवला, आत पट्टी घातलीय. वाळवीसाठी मी आठ उपास धरलेत. तुझ्यासाठी एकही धरणार नाही.

नूरीन त्या दिवशी निघून गेली. कुठे आहे माहीत नाही. तुझ्याकडे आली तर कळव.

गुणमाला


सातारा जेल
८ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी भिंतीवर डोकं आपटत होतो, चौघांनी धरलं. भुवईचे टाके पुन्हा उसवले. तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या की त्या दरोडेखोरानं कानावर हात ठेवले. दोन दिवस मी मनात तुमचा गळा दाबत होतो. खोटं लिहून उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी नूरीन भेटीला आली. जाळीपलीकडे बसली. डोळ्याखाली तुमच्या हाताचा फिका डाग अजून होता. तिनं एकच विचारलं. "तुमास्नी ठावं हुतं?"

मी म्हणू शकलो असतो की नाही. तिनं विश्वास ठेवला असता. तिला ठेवायचा होता, मला दिसत होतं. पण माझी जीभ उचलली नाही. मी म्हणालो, व्हय, मे महिन्यापासून.

ती म्हणाली, "आन् मी फोनवर इचारलं तवा?"

वहिनी, त्या फोनचं तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. तिनं विचारलं तेव्हा मी लगेच बोललो नाही. मोजून तीन श्वास गप्प होतो. त्या तीन श्वासांत मला सगळं दिसलं. फळी जाते, गाडी खाली येते, पोरगी गाडीखाली. मला ते अगदी स्पष्ट दिसलं. आणि ते बघूनच मी म्हणालो, ठणठणीत आहे, चढ.

मी चुकून बोललो नाही. मला वाटलं नव्हतं की ती वाचेलच. मला फक्त वाटलं की विहीर उभी राहील.

शिवतेजला मी याच्यासाठीच मारलं. पोरगी मरेल असं तो म्हणाला आणि ते मला आधीच माहीत होतं. तिसरा तडाखा का मारला ते आता सांगता येतं.

नूरीन उठून गेली. फोन उचलत नाही. मी तिचा बाप म्हणवून घेऊ का, ते तुम्ही सांगा. तुमच्या हाताबद्दल माफी मागायची माझी हिंमत नाही.

रसूल


समडोळी
४ डिसेंबर २०२५

रसूल,

आता डाव्या हातानं मीच लिहिते. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, चालवून घे.

नूरीन महिनाभर एका मैत्रिणीकडे होती. मागच्या मंगळवारी भर दुपारी दारात आली. माझ्या प्लॅस्टरकडे बघितलं आणि तिथंच उभी. मी म्हणाले, "आत ये, न्हाई तर दार तरी लाव, माश्या येतेत." आली. पाया पडायला वाकली तर मी पाय मागे घेतले. मी म्हणाले, तू मला मारलंस, मी तुला मारलं, आता पुढं काय करायचं ते बोल.

तुझं पत्र तिनं माझ्या उशाखालून काढून वाचलं. मी अडवलं नाही. तीन श्वासांपाशी आली तेव्हा तिनं कागद खाली ठेवला, मागच्या परड्यात गेली आणि आमच्या पाण्याच्या टाकीवर मुठी मारत राहिली. सालटी निघाली. मी हळद लावली. मग परत येऊन उरलेलं वाचलं.

काल ती साताऱ्याला पोलीस ठाण्यात गेली होती. आधी तिनं जबाब दिला होता की शिवतेज पहार घेऊन अंगावर आला. तू सांगितलंस म्हणून दिला होता. काल तो बदलून आली. स्क्रूड्रायव्हर होता, माझ्या बापानं गुडघ्यावर आलेल्या माणसालाही मारलं, आणि का मारलं तेही सांगितलं. वकील म्हणतो तीन-चार वर्षं कुठं गेली नाहीत. मी तिला थांबवलं नाही. तुला राग यायचा असेल तर माझ्यावर काढ, माझी आता सवय झालीय.

ती तुला भेटायला येणार नाही. तसं तिनं स्पष्ट सांगितलंय आणि मी तिची समजूत घालणार नाही. मी येईन, महिन्यातून एकदा. तू बाप आहेस का, हे मला विचारू नकोस. त्याचं उत्तर ती देईल, नाही तर कुणीच देणार नाही.

मात्र पोरगी जिवंत आहे, रसूल. दारं आपटते, माझ्याशी भांडते, बटाट्याची भाजी का करत नाही म्हणून रोज मला विचारते. आज सकाळी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथी मागितली. तू तीन श्वास गप्प राहिलास, तेव्हा हे सगळं तू देऊन टाकलं होतंस.

गुणमाला